दोष मनाचा नव्हे, वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा

अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा. वय ३४. ६ वर्षांपूर्वी तिचं दुसरं बाळंतपण झालं. वार पडायला वेळ लागला, अंगावरून खूप रक्त गेलं, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. जिवावर बेतलं होतं, पण निभावलं. सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि बाळाला घेऊन ती घरी आली.

बाळ भुकेने रडायचं, पण तिच्या अंगावर दूध आलंच नाही. सासूबाईंनी अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू दिले, शतावरी दिली. शेवटी वरचं दूध सुरू करावं लागलं. पुढे पाळीही परत आली नाही. शेजारणी म्हणाल्या, ‘‘बरं झालं गं, महिन्याची कटकट गेली.’’

मग हळूहळू तिला सकाळी उठवेना. उन्हाळ्यातही पायांवर चादर लागायची. काखेतले आणि जांघेतले केस विरळ होत गेले. त्याबद्दल ती कुणाशीच बोलली नाही. रात्री नवरा जवळ आला की ती कूस बदलायची. इच्छाच होत नव्हती आणि संबंध आला तर आग व्हायची, दुखायचं. नवऱ्याला वाटलं, हिचं आपल्यावर मन राहिलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘आळस वाढलाय, दुसरं काय!’’ आणि तिला स्वतःला वाटू लागलं, आपणच बायको म्हणून कमी पडतोय.

ही बाई काल्पनिक आहे, पण तिची लक्षणं एकेक करून खऱ्या आजारातली आहेत. त्या आजाराचं मूळ तिच्या स्वभावात नाही, संसारात नाही. ते आहे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीत.

छोटी ग्रंथी, मोठा कारभार

या ग्रंथीला पिट्युटरी म्हणतात, मराठीत पीयूषिका. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत ती बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण शरीरातल्या बहुतेक हार्मोनग्रंथी तिच्या हुकमावर चालतात.

अंडाशयाला ‘इस्ट्रोजेन तयार कर, बीजांड पिकव’ असं ती सांगते. थायरॉईडला कामाला लावते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींकडून कॉर्टिसॉल हे जगण्यासाठी अत्यावश्यक हार्मोन तयार करून घेते. बाळंतपणानंतर दूध आणणारं प्रोलॅक्टिन आणि वाढीचं हार्मोन ती स्वतःच बनवते.

एखाद्या कचेरीतला मुख्य कारकून अचानक रजेवर गेला तर बाकीचे टेबलाशी बसून राहतात, कारण त्यांच्याकडे कागदच येत नाहीत. पिट्युटरी बिघडली की तसंच होतं. अंडाशय ठणठणीत असतं, थायरॉईडही बरी असते, पण हुकूम न आल्याने दोन्ही थंडावतात. या अवस्थेला हायपोपिट्युटरिझम म्हणजे पिट्युटरी हार्मोनची कमतरता म्हणतात.

बाळंतपणातला रक्तस्राव आणि शीहान सिंड्रोम

गरोदरपणात ही ग्रंथी आकाराने वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. अशा वेळी बाळंतपणात खूप रक्त गेलं आणि रक्तदाब एकदम खाली आला, तर ग्रंथीला रक्त पोहोचत नाही आणि तिचा काही भाग कायमचा निकामी होतो. ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून या आजाराला शीहान सिंड्रोम असं नाव पडलं.

श्रीमंत देशांमध्ये हा आजार आता क्वचित दिसतो, कारण तिथे बाळंतपणातला रक्तस्राव वेळेवर आटोक्यात आणला जातो. आपल्याकडे चित्र वेगळं होतं. काश्मीर खोऱ्यातल्या स्त्रियांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २० वर्षांवरील सुमारे ३ टक्के स्त्रियांना हा आजार असल्याचा अंदाज मांडला होता आणि त्यातल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं घरीच झाली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे नवे रुग्ण कमी व्हायला हवेत. पण १५-२० वर्षांपूर्वी घरी किंवा दूरच्या गावात बाळंत झालेल्या कितीतरी स्त्रिया आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. या आजाराची लक्षणं इतकी सावकाश येतात की निदान व्हायला ५, १०, कधी २० वर्षंही लागतात.

बाळंतपण हे एकमेव कारण नाही. पिट्युटरीवरची गाठ, तिची शस्त्रक्रिया, मेंदूला दिलेलं रेडिएशन, डोक्याला जबर मार, क्षयरोगाचा मेंदूपर्यंत गेलेला संसर्ग यांनीही ही कमतरता येते. आपल्या शेतशिवारातलं आणखी एक कारण म्हणजे घोणस. या सापाच्या विषाने पिट्युटरीला इजा होऊ शकते. दंशातून वाचलेल्या माणसाला पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सतत थकवा येत असेल, पाळी बंद झाली असेल, तर डॉक्टरांना सर्पदंशाची आठवण जरूर करून द्या.

शरीरसंबंध का नकोसे होतात?

कामेच्छा ही फक्त मनाची गोष्ट आहे, असा आपल्याकडे समज आहे. खरं तर तिच्यामागे अनेक हार्मोन एकत्र काम करत असतात. पिट्युटरी थकली की ही साखळी बऱ्याच ठिकाणी तुटते.

इस्ट्रोजेन कमी होतं : पाळी थांबते. योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिची लवचिकता जाते. संबंधाच्या वेळी आग होते, दुखतं, कधी थोडं रक्तही येतं. लघवीला जळजळ होणं, वारंवार संसर्ग होणं हेही त्यातलंच. स्तन लहान होतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात.

पुरुषी हार्मोनही घटतात : स्त्रीच्या शरीरातही थोड्या प्रमाणात अँड्रोजेन असतात. ते अंडाशयात आणि अॅड्रिनल ग्रंथीत तयार होतात. पिट्युटरीच्या बिघाडात दोन्हीकडचा पुरवठा आटतो. काखेतले आणि गुप्तांगावरचे केस गळतात, इच्छा आणि उत्तेजना कमी होते.

कॉर्टिसॉल आणि थायरॉईड कमी पडतात : थकवा, चक्कर, भूक न लागणं, थंडी सहन न होणं, सुस्ती, उदासपणा. दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहायलाही ताकद नसेल, तर रात्री जवळ यावंसं वाटणार कसं?

प्रोलॅक्टिनचा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो : शीहानमध्ये ते कमी पडतं, म्हणून दूध येत नाही. उलट पिट्युटरीवर प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर ते खूप वाढतं. मग बाळ नसतानाही स्तनातून दूध येतं, पाळी थांबते आणि इच्छाही मावळते. अशा गाठी बहुतेक वेळा गोळ्यांनी आटोक्यात येतात.

शरीरातल्या या बदलांवर मग मनाचा थर चढतो. एकदा दुखलं की पुढच्या वेळी आधीच भीती वाटते. भीतीने ओटीपोटाखालचे स्नायू आवळले जातात आणि जास्तच दुखतं. आरशात स्वतःला पाहावंसं वाटत नाही. ‘नाही’ म्हटल्याचा अपराधीपणा येतो. कित्येक जणी दुखणं सोसून गप्प राहतात.

निदान का चुकतं?

एक कारण आपला संकोच. थकव्याबद्दल आपण डॉक्टरांना सांगतो, पण संबंधांबद्दल नाही. बरोबर सासूबाई किंवा मुलगा असेल तर मुळीच नाही.

दुसरं कारण म्हणजे लक्षणं सुटी सुटी पाहिली जातात. थकव्याला टॉनिक, कोरडेपणाला मलम, उदासपणाला झोपेची गोळी. या सगळ्यांना जोडणारा धागा कुणी शोधत नाही.

तिसरं कारण तपासणीतलं आहे आणि ते प्रत्येकीने लक्षात ठेवावं असं आहे. थायरॉईडसाठी बहुतेक वेळा फक्त टीएसएच तपासतात. पण टीएसएच हे पिट्युटरीतूनच येतं. पिट्युटरीच बिघडलेली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसू शकतं आणि तरीही थायरॉईड हार्मोन कमी असतं. म्हणून अशा वेळी फ्री टी-४ ही तपासणीही लागते.

कधी कधी निदान होतं ते थेट आणीबाणीत. ताप किंवा जुलाबाचं निमित्त होऊन बाई ग्लानीत जाते, रक्तातलं सोडियम आणि साखर घसरलेली निघते आणि मग कुणीतरी विचारतं, ‘‘बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का?’’

कोणत्या तपासण्या होतात?

यासाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनतज्ज्ञांकडे जावं. जवळपास नसतील तर आपल्या फिजिशियनना किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी.

सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसॉल, टीएसएचसोबत फ्री टी-४, एलएच, एफएसएच, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन, सोडियम आणि गरजेनुसार वाढीच्या हार्मोनशी संबंधित तपासण्या करतात. पिट्युटरीचा एमआरआय काढतात. जुन्या शीहानमध्ये ग्रंथीची खोबण बरीचशी रिकामी दिसते.

पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी एक सोपी खूण आहे. नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतर एफएसएच खूप वाढलेलं असायला हवं. ते कमी निघालं तर पिट्युटरीकडे बोट जातं.

उपचार : क्रम चुकवू नका

मेलेला भाग परत जिवंत होत नाही, पण जे हार्मोन कमी पडतात ते बाहेरून देता येतात. बहुतेक औषधं साध्या गोळ्या आहेत. मात्र त्यांचा क्रम फार महत्त्वाचा आहे.

आधी कॉर्टिसॉल : हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन अगदी छोट्या डोसमध्ये दिलं जातं. ‘स्टिरॉईड’ हा शब्द ऐकून घाबरू नका. शरीराला रोज हवं असलेलं आणि आता तयार न होणारं हार्मोन भरून काढण्यासाठी ते असतं. ते मनाने कधीही बंद करायचं नाही. ताप, ऑपरेशन, दात काढणं अशा वेळी डोस वाढवावा लागतो. तो किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर ताबडतोब रुग्णालयात इंजेक्शन घ्यावं लागतं. ‘मला स्टिरॉईडची गरज आहे’ असं लिहिलेलं कार्ड पर्समध्ये आणि मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवा.

मग थायरॉईड : कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन सुरू केलं तर तब्येत अचानक गंभीर होऊ शकते. म्हणून हा क्रम.

त्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन : नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत ही हार्मोन देतात. ती गोळी, पट्टी किंवा जेलच्या रूपात मिळतात. गर्भाशय काढलेलं असेल तर सहसा फक्त इस्ट्रोजेन पुरतं. त्यामुळे हाडांना आधार मिळतो, योनीमार्गाची त्वचा सुधारते. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झाला असेल तर ते आधी सांगा. इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली की थायरॉक्सिनचा डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून पुढची तपासणी टाळू नका.

इच्छा वाढावी म्हणून डीएचईए किंवा टेस्टोस्टेरॉन द्यायचं का, हा प्रश्न अनेकजणी विचारतात. त्याच्या फायद्याचे पुरावे मर्यादित आहेत, त्यामुळे ते सरसकट दिलं जात नाही. काही निवडक स्त्रियांमध्ये तज्ज्ञ विचार करतात. जाहिरात पाहून ऑनलाइन मागवलेल्या ‘शक्तिवर्धक’ गोळ्या मात्र घेऊच नका.

जवळीक परत आणताना

गोळ्या सुरू झाल्यावर अंगात ताकद आठवड्यांत येऊ लागते. योनीमार्गाची त्वचा सुधारायला काही आठवडे ते महिने लागतात. इच्छा त्याहून सावकाश परत येते, कधी पूर्वीइतकी येतही नाही. हे आधीच माहीत असलं तर निराशा कमी होते.

* कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट मेडिकलच्या दुकानात मिळतं. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्याने कंडोम फाटू शकतो.
* तेवढ्याने भागत नसेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम डॉक्टर देतात.
* रात्री अंग गळून जात असेल तर रात्रीचाच आग्रह कशाला? सकाळची किंवा सुट्टीच्या दुपारची निवांत वेळ निवडा.
* घाई नको. स्पर्श, गप्पा, कुशीत पडून राहणं यालाही जवळीकच म्हणतात. दरवेळी पूर्ण संबंध व्हायलाच हवा असं नाही.
* दुखलं तर थांबा. सोसून घेतल्याने भीती पक्की होते. स्नायू आवळले जात असतील तर ओटीपोटाच्या व्यायामांचे जाणकार फिजिओथेरपिस्ट मदत करतात.
* हार्मोन सुधारूनही उदासपणा राहिला तर समुपदेशकांकडे जाण्यात कमीपणा नाही.

नवऱ्यासाठी दोन शब्द

तुमच्या बायकोने कूस बदलली ती तुमच्यावर रुसून नाही. तिच्या शरीरात इच्छा जागवणारी रसायनंच कमी पडली होती. मधुमेह झालेल्या माणसाला आपण ‘इन्सुलिन मनाने तयार कर’ असं म्हणत नाही. तसंच हेही आहे.

तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, आत जाऊन बसा, प्रश्न विचारा. गोळ्यांच्या वेळा तुम्हालाही पाठ असू द्या. तापात डोस वाढवायचा असतो, हे घरातल्या आणखी एकाला माहीत असणं म्हणजे तिच्या जिवाची हमी. आणि तिने ‘आज नको’ म्हटलं तर तो शब्द शेवटचा माना. ज्या घरात नकार सहज देता येतो, त्याच घरात होकारही मनापासून येतो.

मूल हवं असेल तर, नको असेल तर

उपचारांनी पाळी परत येते, पण ती औषधांमुळे येते. म्हणजे बीजांड तयार होतंय असं समजू नका. मूल हवं असेल तर निराश व्हायचं कारण नाही. अंडाशय चांगलं असतं, फक्त हुकूम येत नसतो. तो हुकूम इंजेक्शनच्या रूपात देऊन बीजांड पिकवता येतं. त्याआधी कॉर्टिसॉल आणि थायरॉईड नीट बसवलेलं असायला हवं आणि पूर्ण गरोदरपण हार्मोनतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखाली पार पडायला हवं.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. काहींमध्ये ग्रंथीचा थोडाच भाग निकामी झालेला असतो आणि आपोआप दिवस राहू शकतात. हार्मोनच्या या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक नव्हेत. मूल नको असेल तर वेगळा उपाय विचारून घ्या.

डॉक्टरांना काय सांगाल?

बोलायला जड जात असेल तर पुढच्या गोष्टी कागदावर लिहून न्या आणि कागद पुढे करा.

* बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, रक्त चढवलं होतं का, शुद्ध हरपली होती का
* अंगावर दूध आलं होतं का
* पाळी त्यानंतर परत आली का, शेवटची कधी आली
* काखेतले, गुप्तांगावरचे केस कमी झाले का
* थंडी, थकवा, चक्कर, वजनातला बदल
* संबंधात कोरडेपणा, दुखणं, इच्छा नसणं कधीपासून
* डोक्याला मार, मेंदूची शस्त्रक्रिया, रेडिएशन, सर्पदंश

सोबत आलेल्यांसमोर बोलायचं नसेल तर ‘‘डॉक्टर, मला २ मिनिटं एकटीला बोलायचंय’’ एवढं म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

आपल्या घरात, शेजारात आठवून पाहा. बाळंतपणात मरता मरता वाचलेली एखादी मावशी, वहिनी, कामाला येणारी ताई असेल. दूध आलं नाही, पाळी गेली आणि तेव्हापासून ‘ती पूर्वीसारखी राहिली नाही’ असं सगळे म्हणत असतील. तिला आळशी म्हणण्याआधी, तिच्या संसाराची चर्चा करण्याआधी एकदा विचारा, ‘‘तुझ्या हार्मोनची तपासणी कधी झाली होती का गं?’’

सुरुवातीला भेटलेल्या त्या बाईलाही कुणी हे विचारलं, तर रक्ताच्या काही तपासण्या आणि रोजच्या काही गोळ्या तिला पुन्हा उभं करू शकतील. ‘मी बायको म्हणून कमी पडले’ हे ६ वर्षांचं ओझं तर निदान कळेल त्याच दिवशी हलकं होईल.